जर्मन कोणाला म्हणायचं?

नेपोलियनच्या माघारीनंतर, 1814 मध्ये, हायडेलबर्गच्या तिबो या प्राध्यापकांनी सगळ्या जर्मन संस्थानांसाठी एकच नागरी संहिता मागितली. फ्रान्सनं ती दहा वर्षांपूर्वीच केली होती. बर्लिनचे कायदेपंडित साविन्यी यांनी त्याच वर्षी कडाडून विरोध केला. कायदा कोणी बसून रचत नसतो. भाषा आणि रूढींसारखा तो लोकांमध्येच रुजतो आणि वाढतो, असं त्यांचं म्हणणं. कायद्यामागच्या ‘राष्ट्रात्म्या’ची कल्पना त्यातूनच पक्की झाली. एकसंध संहिता लागू व्हायला 1900 साल उजाडलं.

साविन्यींचं निम्मं म्हणणं मला पटतं. लोकांच्या जगण्याशी नातं नसलेला कायदा कागदावरच राहतो. पण ‘लोक’ म्हणजे कोण? खुद्द साविन्यींचं घराणं मूळचं लोरेनचं, आणि आयुष्य त्यांनी वेचलं रोमन कायद्याच्या अभ्यासात. इतक्या मिसळीतून घडलेल्या देशानं 1913 च्या कायद्यात मात्र नागरिकत्व रक्ताला बांधलं: जर्मन बापाचं मूल जर्मन, मग ते कुठेही जन्मो. रक्ताची ही भाषा कुठवर जाते, ते 1935 मध्ये दिसलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेल्या ज्यूंचे नागरिक म्हणून असलेले हक्क न्यूरेंबर्ग कायद्यांनी काढून घेतले.

युद्धानंतरही 1913 चा पाया हलला नाही. 1961 मध्ये पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. त्यांना ‘पाहुणे’च म्हणत. त्यांची मुलं बर्लिनच्या क्रॉयट्सबर्गमध्ये जन्मली, तिथल्याच शाळांत शिकली, पण कायद्याच्या लेखी परकी राहिली. पुढे, सोव्हिएत संघ कोसळताना, अठराव्या शतकात व्होल्गाकाठी गेलेल्या जर्मनांचे वंशज कझाकस्तानातून परतत होते. कित्येकांना जर्मन धड येत नव्हतं, पण नागरिकत्व हक्कानं मिळे. त्यांना ते मिळायलाच हवं होतं. स्टालिननं या समाजाला हद्दपार केलं होतं. अन्याय झाला तो क्रॉयट्सबर्गच्या मुलांवर.

तो दूर करायला निघालेल्या सरकारविरुद्ध 1999 च्या सुरुवातीला दुहेरी नागरिकत्वाच्या प्रश्नावर सह्यांची मोहीम झाली, आणि हेसेन राज्याची निवडणूक विरोधकांनी जिंकली. त्यामुळे सुधारणा आली ती कापूनछाटून. 1 जानेवारी 2000 पासून, आई किंवा वडील आठ वर्षं कायदेशीर रहिवासी असतील तर मूल जन्मतः जर्मन. पण 23 वर्षांचं होईपर्यंत त्यानं एक देश निवडायचा. ही अट 2014 मध्ये सैल झाली आणि 2024 मध्ये गेली. आठाची पाच वर्षंही तेव्हाच झाली. साविन्यींच्या तर्काला इथं छेद जातो: लोकांनी कायदा घडवला तसं कायद्यानंही लोक घडवले.

आपला प्रवास उलट दिशेचा आहे. 1955 च्या कायद्यानं भारताच्या भूमीवर जन्मलेल्या जवळपास प्रत्येकाला नागरिक मानलं. 1 जुलै 1987 पासून आई किंवा वडील भारतीय असणं आवश्यक झालं. 3 डिसेंबर 2004 पासून दुसऱ्या पालकाचीही चौकशी आली: तो बेकायदा स्थलांतरित नसावा. नाशिकच्या रुग्णालयात आज जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला त्याच्या नागरिकत्वाला एकटा पुरत नाही. आईवडिलांचे कागद लागतात.