अश्मीय अशनींचे वर्गीकरण : वाळवंटातील आणि वऱ्हाडातील

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी जो काळा पाषाण ठिकठिकाणी दृष्टीस पडतो, तो बेसाल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो निर्माण झाला. अशा प्रदेशात काळ्या सालीचा अशनी पडला, तर तो नजरेत भरणे दुर्घट. लोहचुंबकाचाही येथे भरवसा नाही. कारण बेसाल्टमधील मॅग्नेटाइटही चुंबकाकडे ओढले जाते. उलट, वाळवंटातील फिकट वाळूवर काळा दगड दुरूनही उठून दिसतो आणि कोरड्या हवेत तो दीर्घकाळ टिकतो. सहारासारख्या वाळवंटांत हजारो अशनी सापडले, ते यामुळेच.

सापडलेला दगड अशनी आहे एवढे ठरल्याने काम संपत नाही. तो कोणत्या वर्गातला, हा खरा प्रश्न. बहुतेक अश्मीय अशनींत कोंड्रूल नावाच्या, मोहरीएवढ्या किंवा त्याहूनही लहान गोलकणिका असतात. म्हणून त्यांना कोंड्राइट म्हणतात. सामान्य कोंड्राइटांचे एकूण लोहाच्या प्रमाणानुसार तीन गट पडतात : ‘एच्’ गटात ते शेकडा सुमारे २७, ‘एल्’ गटात सुमारे २२ आणि ‘एलएल्’ गटात त्याहूनही कमी असते.

तथापि, वाळवंटातील दगड शतकानुशतके उघड्यावर पडून असतो व त्यातील धातुरूप लोह गंजून जाते. अशा वेळी केवळ धातू मोजून गट ठरविल्यास फसगत होण्याचा संभव असतो. ऑलिव्हीन हे खनिज मात्र गंजास अधिक काळ दाद देत नाही. म्हणून त्यातील फायालाइट या लोहयुक्त घटकाचे प्रमाण मोजतात. ते ‘एच्’ गटात शेकडा सुमारे १६ ते २०, ‘एल्’ गटात २२ ते २६ आणि ‘एलएल्’ गटात २७ ते ३२ भरते.

गटानंतर येतो प्रकार. व्हान श्मुस आणि वुड यांनी १९६७ साली ही पद्धती मांडली. सामान्य कोंड्राइटांपैकी प्रकार ३ मध्ये कोंड्रूलांच्या कडा स्पष्ट असतात; मूळ पिंडातील उष्णतेमुळे त्या पुसट होत जातात आणि प्रकार ६ मध्ये कोंड्रूल ओळखणेही कठीण होते. अवकाशातील आघाताची तीव्रता आणि पृथ्वीवरील गंजाचे मान यांच्या श्रेणी निराळ्या लावतात. गंजाचे मान शून्यापासून ६ पर्यंत असते. अशा रीतीने वर्गीकरणात दगडाचा आकाशातील इतिहास आणि पृथ्वीवरील वास्तव्य यांची नोंद वेगवेगळी राहते.

वऱ्हाडाच्या वाट्यालाही असा एक दगड आला आहे. ६ जून १८३८ रोजी, वऱ्हाड निजामाच्या राज्यात असताना, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात अशनी पडले. जागतिक सूचीत ते ‘चंदकापूर’ या नावाने नोंदलेले असून त्यांचा वर्ग ‘एल् ५’ आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे पडलेला अशनीही ‘एल्’ गटातलाच. मात्र त्याचा प्रकार ६, म्हणजे त्याला उष्णतेची झळ अधिक लागलेली.

१८३८ साली ‘एल् ५’ ही संज्ञा अस्तित्वातच नव्हती. पतनाचा दिवस नोंदला गेला आणि दगड जपून ठेवला गेला, म्हणूनच शतकाहून अधिक काळानंतर त्याचा वर्ग ठरविता आला. यास्तव संशयित दगड हाती आल्यास तो धुऊ नये, तापवू नये आणि प्रबळ चुंबकही लावू नये. कारण त्यामुळे दगडातील प्राचीन चुंबकत्वाची खूण पुसली जाते. तो कोरडा ठेवावा आणि सापडल्याचे ठिकाण व दिनांक त्याच दिवशी लिहून ठेवावा. उद्याच्या अभ्यासकाला ही टिपणे दगडाइतकीच मोलाची ठरतील.