दर्यावर्द्याची वंशावळ कशी लागते

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते आणि तिथला टोलनाका. काचेवर फास्टॅग असेल तर दांडा वर जातो, नसेल तर खिशाला जादा चाट बसते. इथून कोकणकिनारा जवळपास तीनशे किलोमीटर दूर आहे, पण तीनशे वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावरचं दस्तक साधारण असंच चाले. ज्याची सत्ता त्याचा परवाना घ्यायचा, पैसे भरायचे आणि जहाज पुढे न्यायचं. परवाना नसला तर जहाज मालासकट पकडलं जाई. असं जहाज पकडणारा चाचा की सरकारी माणूस, हे त्याच्याजवळच्या कागदावरून ठरे.

युरोपात या कागदाचा मोठा धंदा झाला होता. लढाईच्या काळात राजा खाजगी जहाजमालकाला अधिकारपत्र देई आणि शत्रूची व्यापारी जहाजं पकडण्याची मुभा मिळे. पकडलेलं जहाज बंदरात आणल्यावर खास न्यायालय त्याचा निवाडा करी. लूट कायदेशीर ठरली की लिलाव, मग वाटणी. फ्रान्समध्ये साधारणपणे दोन वाटे जहाजाला पैसा लावणाऱ्यांचे आणि एक वाटा खलाशांचा. अशा माणसाला फ्रेंच लोक कोर्सेर म्हणत.

कोर्सेरांत सर्वांत गाजलेला रोबेर सुर्कूफ 1773 साली सां-मालो बंदरात जन्मला. कागदाची किंमत काय असते हे त्याने अंगावर सोसलं. 1796 च्या जानेवारीत बंगालच्या उपसागरात त्याने ईस्ट इंडिया कंपनीचं ट्रायटन हे जहाज पकडलं. पराक्रम मोठा होता, पण त्याच्याकडे लढाऊ अधिकारपत्रच नव्हतं. मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने सगळी लूट सरकारजमा केली. सुर्कूफ थेट पॅरिसला गेला, दाद मागितली आणि बराच मोबदला पदरात पाडून घेतला. पुढे 1800 साली त्याने कंपनीचं केंट हे मोठं जहाज पकडलं, तेव्हा मात्र कागद चोख होते.

त्याच्या घराण्यात आधीही कोर्सेर होऊन गेले होते. आईच्या बाजूने प्रसिद्ध कोर्सेर दुग्वे-त्रुआंशी नातं सांगितलं जातं. फ्रान्समध्ये अशी नाती तपासणं त्या मानाने सोपं आहे. 1539 च्या राजाज्ञेने चर्चला बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणं भाग पाडलं. 1792 पासून जन्म, लग्न, मृत्यूची नोंद सरकारकडे गेली. किनाऱ्यावरच्या खलाशांची नावनिशी आरमारी खात्यात असे. वारसा आणि हुंड्याचे करार नोटरीच्या दप्तरात पडून राहत. एवढ्या चार ठिकाणी हात घातला की दोनशे-तीनशे वर्षं मागे जाता येतं.

आता आपल्याकडे पाहू. कान्होजी आंग्रे यांना कोर्सेर म्हणणं सैल होईल, कारण ते कुणा सावकाराच्या पैशावर निघालेले कप्तान नव्हते. 1698 च्या सुमारास सिधोजी गुजरांनंतर मराठी आरमाराची सूत्रं त्यांच्याकडे आली, सरखेल हा किताबही मिळाला. कोकणकिनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांचं दस्तक घ्यावं, ही त्यांची मागणी. यात नवीन काही नव्हतं. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचा असाच परवाना विकत होते. इंग्रजांना स्वतःचे पास चालत, कान्होजींचं दस्तक मात्र चालत नसे. म्हणून त्यांच्या कागदोपत्री कान्होजी चाचे झाले. 1718 मध्ये इंग्रजांनी कान्होजींच्या खांदेरी किल्ल्यावर हल्ला करून पाहिला, 1721 मध्ये पोर्तुगीजांना घेऊन कुलाब्यावर चालून गेले. दोन्ही वेळा हात हलवत परतले.

अधिकाराचा कागद कान्होजींनाही लागलाच. ताराबाई आणि शाहू यांच्या यादवीत ते ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांनी कैद केले. मग बाळाजी विश्वनाथांनी लोणावळ्याजवळ बोलणी केली आणि शाहूंकडून सरखेली, किल्ले, मुलूख असं सगळं रीतसर कबूल करून घेतलं. या तहाने कान्होजींचं दस्तक छत्रपतींच्या नावाचं झालं. माझ्या मते त्यांच्या कुठल्याही सागरी लढाईइतकाच हा तह महत्त्वाचा आहे.

वंशावळीकडे वळल्यावर मात्र फ्रान्समधली सोय संपते. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडी गावावरून आंग्रे. वडील तुकोजी, शिवाजी महाराजांच्या चाकरीत. त्याच्या मागे गेलं की अंधुक होत जातं. कान्होजींचं जन्मवर्षही 1669 च्या आसपास असं धरतात. मृत्यूचं साल मात्र पक्कं, 1729. तोवर माणूस सरखेल झालेला होता आणि त्याच्या जाण्याने किल्ल्यांचा, आरमाराचा, उत्पन्नाचा प्रश्न उभा राहणार होता.

आणि तो राहिलाच. सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी हे मुलगे. सेखोजी 1733 मध्ये गेले आणि भावांत जुंपली. 1735 मध्ये बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली: मानाजींना कुलाबा आणि वजारतमाब किताब, संभाजींना विजयदुर्ग आणि सरखेली. संभाजींनंतर तुळाजी आले. त्यांचं पेशव्यांशी बिनसलं आणि 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून त्यांच्यावर चालून गेले. विजयदुर्ग पडला, आरमार जळालं आणि तुळाजींचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं. या भांडणांची पत्रं उरली म्हणून कोण कुणाचा भाऊ, कोण सावत्र, कुणाची आई कोण, हे आज सांगता येतं. भाऊ गुण्यागोविंदाने नांदले असते तर इतिहासाला निम्मी नावंही मिळाली नसती.

कुलाब्याची शाखा पुढे शंभरेक वर्षं चालली. 1838 च्या अखेरीस दुसरे रघोजी वारले, तेव्हा त्यांची एक पत्नी गरोदर होती. मुलगा झाला, त्याचं नाव कान्होजीच ठेवलं, पण तो 1839 मध्ये काही महिन्यांचा असतानाच गेला. विधवांनी दत्तकाची परवानगी मागितली. कंपनी सरकारने ती नाकारली आणि 1840 मध्ये कुलाबा संस्थान खालसा केलं. दत्तक नामंजूर करून संस्थानं खालसा करण्यासाठी गाजलेला डलहौसी यायला अजून आठ वर्षं होती, हे ध्यानात घ्यावं. जे राज्य इंग्रजांना तोफांनी घेता आलं नव्हतं, ते वंशावळीतल्या एका रिकाम्या रेघेने मिळालं.

तामलवाडीतल्या साध्या शेतकरी घराची वंशावळ याच रीतीने लावायची असते: जिथे वाटणी झाली तिथला कागद शोधायचा. सुरुवात आपल्यापासून करावी आणि एकेक पिढी मागे जावं. एखादा नामवंत पुरुष धरून खाली यायला निघालं की वंशावळ हमखास बिघडते. आंग्रे आडनावाचं प्रत्येक घर सरखेलांचं नसतं.

पहिला आधार वारस फेरफाराचा. खातेदार वारला की त्याच्या वारसांची नावं हक्कनोंदीत चढतात, म्हणून एका फेरफारात दोन पिढ्या हाती लागतात. त्याला सातबारा आणि आजोबांच्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर जोडावं. त्यामागे 1951 ची कुळ नोंदवही आणि पन्नाशीच्या दशकातलं खासरा पत्रक. तामलवाडी ज्या मराठवाड्यात येते तो 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे त्याआधीचा कागद बहुधा उर्दूत, नाहीतर मोडीत सापडतो. देवस्थानाची किंवा चाकरीची इनाम जमीन असेल तर मुंतखब शोधावा. इनाम कुणाला मिळालं आणि पुढे कुणाकडे गेलं ते त्यात असतं. हे कागद वाचायला जाणकार लागतो. अंदाजाने वाचू नये, एका अक्षराने आजोबा बदलतात.

सरकारी दप्तर संपलं की तीर्थक्षेत्रं. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावावार आणि आडनाववार वह्या असतात. यात्रेकरू आला की कुणासोबत आला, बाप-आजा कोण, भाऊ किती, मुलं किती, ते लिहून खाली सही घेतात. पणजोबाने कधी गंगा केली असेल तर त्याचं हस्ताक्षरही मिळू शकतं. तामलवाडीकरांना तुळजापूर तर हाकेच्या अंतरावर. कुळाचा पुजारी ठरलेला असतो, त्याला जुनी वही विचारावी. सोलापूरपासून कोल्हापूर, बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात हेळवीही फिरतात. सुगीनंतर दारात येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवायच्या, नवी नावं चढवायची आणि धान्य-दक्षिणा घेऊन पुढच्या गावाला जायचं, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. हेळव्याची वही मोलाची असते, पण यजमान खूश व्हावा अशी कथाही तिच्यात शिरते. फेरफाराशी जुळेल तेवढं पक्कं धरावं, बाकीचं वेगळ्या पानावर ठेवावं.

या सगळ्या वह्यांत एक उणीव सारखीच आहे. बाप, मुलगा, नातू अशी पुरुषांची ओळ सलग मिळते, लेकी-सुना गायब. कान्होजींच्या बायकांची नावंसुद्धा मुलांच्या भाऊबंदकीमुळेच पुढे आली. अलीकडच्या वारस फेरफारांत मुलींची नावं येऊ लागली आहेत, पण आजी-पणजीचं माहेरचं नाव आणि गाव कुठल्याच सरकारी रकान्यात नाही. ते घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला ठाऊक असतं. पुढच्या वेळी तुळजापूरला पुजाऱ्याने वही पुढे केली की तिला सोबत न्या, आणि बाप-आजाच्या ओळीत आई, आजी, लेक, सून अशी सगळी नावं माहेरच्या गावासकट लिहवून घ्या.