डेटाच्या काट्यावर शिक्का कुणाचा?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट, आर्वी, पुलगाव किंवा सेलूच्या बाजारपेठेतले कुठलेही कृषी केंद्र घ्या. अनुदानित खताची गोणी विकायची तर शेतकऱ्याची आधारवर ओळख पटवून पॉस मशीनवर नोंद करावी लागते. २०१८ पासून देशभर हीच पद्धत आहे, आणि खत कंपन्यांना मिळणारे अनुदानही याच नोंदीवर ठरते. त्या मशीनला नेट लागते. गल्ल्याजवळच्या साउंडबॉक्समध्ये वेगळे सिम असते. बिले बनवणारा संगणक मालकाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो, आणि कंपन्यांचे दरपत्रक, वाणांचे फोटो, मालाच्या पावत्या व्हॉट्सअॅपवर येतात. दुकानाचे भाडे, वीज, हमाली वहीत चढते. नेटचा खर्च मात्र मालकाच्या खासगी फोनच्या रिचार्जमध्ये मिसळून जातो, आणि तो अनपेक्षितपणे वाढला तर कुठे वाढला हे सांगणारा कागद हाती नसतो. असा फटका बसला की दोष सहसा दुकानदाराच्या निष्काळजीपणाला दिला जातो. मला तो दोष अन्यायाचा वाटतो. इथे कमतरता हिशेबाची आहे, आणि तो हिशेब देण्याची जबाबदारी मोजणाऱ्याची आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी हा फटका थेट बिलातून बसायचा. २०१३ च्या सुमारास पॅक नसलेल्या ग्राहकाला दर १० केबीला १० पैसे असा दर लागत असे. ऐकायला क्षुल्लक, पण त्या दराने एक जीबीचे १०,४८५ रुपये होतात. त्याच वर्षीचे एक प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अहमदाबादच्या एका पोस्टपेड ग्राहकाचे मासिक भाडे २४९ रुपये होते. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या महिन्याचे बिल आले २४,६०९ रुपयांचे. अशा तक्रारी वाढल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१५ मध्ये नियम बदलले. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय इंटरनेट सुरू करायचे नाही, ते सुरू-बंद करायला १९२५ हा मोफत क्रमांक द्यायचा, आणि पॅकमधला डेटा संपत आला की टप्प्याटप्प्याने संदेश पाठवायचा. नियम चांगले होते. पण पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ बाजारात आले, डेटा स्वस्त झाला आणि रोजच्या ठरावीक डेटाचे प्रीपेड पॅक सर्रास झाले. फटक्याचे रूप पालटले. त्याला थोपवणारे नियम जुन्या रूपाकडेच पाहत राहिले.

आज प्रीपेड दुकानदाराला चोवीस हजारांचे बिल येत नाही. त्याचे नेट दुपारी तीन वाजता मंदावते, मशीनवर अंगठा उमटत नाही, रांगेतली माणसे खोळंबतात आणि तो मुकाट्याने डेटा बूस्टर मारतो. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक घेतला तर एकूण ४२ जीबीचे पैसे आगाऊ भरलेले असतात. पण व्यापार काही रोज सारखा चालत नाही. मृगाचा पाऊस पडून कपाशीची लागवड सुरू झाली की खत-बियाण्यांच्या दुकानात दिवसभर उसंत नसते; साप्ताहिक सुट्टीला शटर बंद असते. चार सुट्ट्यांचा सहा जीबी डेटा मध्यरात्री बुडतो, आणि त्याच महिन्यात गर्दीच्या दिवशी एका जीबीसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. विकत घेतलेले वाया जाते आणि तेच पुन्हा विकत घ्यावे लागते. माझ्या मते आजच्या अनपेक्षित खर्चाचे हे खरे मूळ आहे, आणि सावधगिरीने ते मिटणारे नाही. वैधतेचेही तसेच. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. ट्रायने २०२२ मध्ये ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा, असा किमान एकेक पॅक ठेवायला कंपन्यांना भाग पाडले, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

डेटा जातो कुठे, हेही बारकाईने पाहण्यासारखे आहे. सिमवर चालणारा साधा कॅमेरा मेमरी कार्डवर चित्रण साठवत असेल तर डेटा जवळपास लागत नाही. पण मालकाने घरी बसून दुकान थेट पाहायला घेतले किंवा चित्रण क्लाउडवर जाऊ लागले, तर सेकंदाला एक मेगाबिट इतक्या कमी दर्जालाही तासाला ४५० एमबी लागतात. दीड जीबी साडेतीन तासांच्या आत संपतो. संगणक हॉटस्पॉटला जोडला की तो त्याला साधे वायफाय समजतो आणि अपडेट उतरवू लागतो. सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ निवडले तर हे बरेच आटोक्यात येते. व्हॉट्सअॅपचे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे आणि फोटोंचा बॅकअप बंद करता येतो. हे उपाय करावेतच. मात्र कुठल्या दिवशी किती डेटा गेला हे आधी कळले तरच कोणता उपाय करायचा ते ठरते.

इथे वजनकाट्याची आठवण होते. याच दुकानदाराने वापरलेला काटा वैधमापन विभागाकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. २००९ चा वैधमापन कायदा त्याला त्यातून सूट देत नाही. गिऱ्हाईक समोर उभे राहून वजन पाहते. डेटाच्या मोजणीवर देखरेख नाही असे नाही. बिलांच्या अचूकतेसाठी ट्रायचे नियम २००६ पासून आहेत आणि कंपन्यांच्या मोजणीचे लेखापरीक्षण होते. पण ती तपासणी कंपनी आणि ट्राय यांच्यातली. ज्याच्या पैशाने डेटा मोजला जातो त्याला काट्याची बाजू दिसत नाही. ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांनी प्रीपेड ग्राहकालाही वापराचा तपशील मागण्याचा हक्क दिला आहे: मागील सहा महिन्यांपर्यंतचा, जास्तीत जास्त ५० रुपये घेऊन, ३० दिवसांत. हा हक्क मागून, पैसे भरून आणि महिनाभर थांबून मिळतो, तोही फारच थोड्यांना ठाऊक. तो मोफत, दरमहा आणि मराठीत मिळायला हवा. दिवसागणिक वापर, बूस्टरची तारीख-रक्कम आणि न वापरता बुडालेला डेटा एवढे तीन रकाने त्यात पुरेत. कंपन्यांकडे ही माहिती असतेच, नाहीतर डेटा संपल्याचा संदेश त्यांना पाठवता आला नसता.

यावर पहिला आक्षेप असा की भारतात डेटा जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी आहे, वीस-तीस रुपयांच्या बूस्टरचे काय घेऊन बसायचे? स्वस्ताई खरी आहे आणि तिने लहान दुकानांचे भलेही केले. पण दर स्थिर राहिलेले नाहीत. जुलै २०२४ मध्ये रोज दीड जीबीचा जिओचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानेही त्याच आठवड्यात दर वाढवले. शिवाय या २९९ मध्ये १८ टक्के दराने सुमारे ४५ रुपये ६० पैसे जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याची वजावट घ्यायची तर त्याच्या जीएसटी क्रमांकावरचे बिल लागते. खासगी नावाच्या प्रीपेड सिमवर ते बहुधा नसते. मोठी आस्थापना कंपनीच्या नावाने जोडणी घेऊन हा कर वळता करते, लहान दुकानदार तो सोसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: व्यवसायासाठी सेवा घेणारा ग्राहक ठरतोच कसा? कायद्याने व्यापारी हेतू वगळला आहे, हे खरे. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही, असे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातले स्पष्टीकरण सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका लघुउद्योगाच्या, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या, प्रकरणात ही रेषा आखली. तो उद्योग हरला, कारण त्याचे काम मोठ्या प्रमाणावरचे ठरले. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा माणूस ग्राहकच, असे त्याच निकालात म्हटले आहे. स्वतः गल्ल्यावर बसणाऱ्या लहान दुकानदाराला नेटच्या सेवेसाठीही हाच तर्क मांडता येतो. राहिला प्रश्न दूरसंचाराचा. अहमदाबादच्या त्या बिलाच्या वादात कंपनीचा मुद्दा होता की तार कायद्यानुसार हे भांडण लवादाकडेच जायला हवे. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तो फेटाळला आणि दूरसंचार ग्राहकाला ग्राहक मंचाचे दार मोकळे केले.

त्यामुळे वर्ध्याच्या दुकानदाराने आधी कंपनीच्या १९८ क्रमांकावर तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा, समाधान न झाल्यास ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे, आणि दरम्यान ५० रुपये भरून वापराचा तपशील मागवावा. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असो की दिल्लीत, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे वर्ध्यातच, दाद मागता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तिथे कामी येतील ते तक्रार क्रमांक, कंपनीचे संदेश आणि तो तपशिलाचा कागद.