तास मोजले, थकवा निसटला

१९८९ साली पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी झोपेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती पुढे जगभर पसरली, कॅन्सरच्या रुग्णांपर्यंतही पोचली. तिची घडण प्रौढांसाठीची आणि विचारणा गेल्या महिनाभराच्या झोपेची. २००० साली मुलांसाठी वेगळी प्रश्नावली निघाली, पण ती बेतलेली ४ ते १० वर्षांच्या मुलांवर आणि उत्तरे द्यायची आईवडिलांनी. पंधरा वर्षांचा रुग्ण या दोन्हींच्या मध्ये अडकला. वयात येताना झोपेची वेळ मुळातच उशिराकडे सरकते, हे मेरी कार्स्केडन यांनी दाखवले होते. त्यामुळे तो मध्यरात्रीपर्यंत जागतो ते आजारामुळे की वयामुळे, हेही प्रश्नावलीच्या आकड्यांतून कळेना.

तरी माझ्या मते मोठी उणीव वयाची नव्हे, मुदतीची होती. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, दीर्घ उपचारात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड बहुधा ठरावीक अंतराने पाच-पाच दिवस देतात. २००७ साली पामेला हाइंड्स आणि सहकाऱ्यांनी असे उपचार घेणाऱ्या १०० मुलामुलींच्या मनगटाला हालचाल टिपणारे ॲक्टिग्राफ बांधले. पाच दिवस औषधाविना, पाच दिवस औषधासह. औषधाच्या दिवसांत झोप वाढली आणि थकवाही वाढला! नुसते तास मोजणाऱ्याला ही सुधारणाच वाटली असती आणि महिन्याच्या हिशेबात हे पाच दिवस विरून गेले असते.

यंत्र असताना मुलांना विचारायचे कशाला, असा आक्षेप येतो. पण यंत्राला हालचाल कळते, जाग कळत नाही. गळून निपचित पडलेला जागा मुलगा त्याच्या लेखी झोपलेला असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढ्या आजारात झोप बिघडणारच, मग प्रश्नांचा आणखी भार कशाला? मात्र सगळा बिघाड आजाराचा नसतो. मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाच्या मोठ्या डोससोबत रात्रभर सलाईन चालते तेव्हा लघवीला वारंवार उठावे लागते, तपासणीसाठी दिवे लागतात. यातले काही टाळता येते, निदान पुढे-मागे करता येते. कोणते, ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

२०१८ साली अमेरिकेतल्या 'प्रॉमिस' प्रकल्पातून ८ ते १७ वयाच्या मुलांनी स्वतः भरायच्या प्रश्नावल्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत गेल्या सात दिवसांतला झोपेचा बिघाड आणि त्याचा दिवसावरचा परिणाम वेगवेगळा विचारला जातो. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण ते सात दिवस उपचाराच्या कोणत्या टप्प्यातले, हे ठाऊक नसेल तर जुनीच गफलत पुन्हा होईल. म्हणून या प्रश्नावल्या वापरणाऱ्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी तारखेशेजारी उपचारचक्राचा दिवसही लिहावा.