शिधा, डबा आणि घरपोच जेवण



व्याख्यानाचा विषय म्हणून जेवणाचा डबा घेतला, हे पाहून कोणाला थोडे हसू आले तर ते स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रश्नाची गाठ दिवसातून दोनदा पडते, तो प्रश्न क्षुल्लक म्हणता येत नाही. कोलाडच्या परिसराकडेच पाहा. एका बाजूस मुंबई-गोवा महामार्ग, दुसऱ्या बाजूस कोकण रेल्वे, जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आणि सभोवार कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्या. मुले मुंबई-पुण्यास नोकरीला गेली आहेत आणि घरी सत्तरी ओलांडलेले आईवडील आहेत, अशी घरे येथे गावोगाव आढळतात. कारखान्यात पाळीने काम करणारे एकटे पुरुष आहेत. नोकरी करून चूलही सांभाळणाऱ्या स्त्रिया आहेत. या तिघांनाही कोणीतरी जेवण घरपोच दिले तर हवेच आहे. मात्र ‘घरपोच जेवण’ या एका नावाखाली आज निरनिराळ्या व्यवस्था नांदत आहेत, आणि त्यांतली कोणती कोणाच्या उपयोगाची, याचा विचार क्वचितच केला जातो.

प्रथम हे पाहू की, जेवण म्हणजे एकच काम नव्हे. काय करायचे ते ठरवणे, सामान आणणे, निवडणे-चिरणे-दळणे, शिजवणे, वाढणे आणि शेवटी भांडी घासणे, अशी निदान सहा कामे त्यात आहेत. शिजवण्याचे काम डोळ्यांना दिसते, म्हणून आपण त्यालाच स्वयंपाक म्हणतो. आपल्याकडचे वालाचे बिरडे घ्या. चुलीवर ते फार वेळ मागत नाही. परंतु त्याआधी वाल भिजवावे लागतात, फडक्यात बांधून त्यांना मोड आणावे लागतात आणि मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा लागतो. दोन दिवसांची ही तयारी चुलीपाशी उभे राहण्यापूर्वीच झालेली असते. बाजारात सोललेले वाल विकत मिळतात, तेव्हा आपण पैसे प्रामुख्याने त्या सोलण्याचे देतो. तेव्हा घरपोच जेवणाची कोणतीही व्यवस्था पारखताना पहिला प्रश्न हा विचारावा: या सहांपैकी कोणती कामे तिने उचलली आणि कोणती आपल्याच अंगावर राहिली?

या कसोटीवर तीन प्रकार स्पष्ट होतात. पहिला शिध्याचा, दुसरा डब्याचा, तिसरा मागणीनुसार येणाऱ्या उपाहारगृहातल्या पदार्थांचा.

शिधा आपल्याला नवा नाही. दुसऱ्याच्या हातचे शिजलेले ज्याला चालत नसे, अशा अतिथीला डाळ, तांदूळ, पीठ, तूप, गूळ, मीठ असे मोजून देण्याची चाल आपल्याकडे होती. तिच्या मुळाशी शिवाशिवीच्या कल्पना होत्या, हे लपवण्याचे कारण नाही. त्या कल्पना सोडून केवळ व्यवस्था पाहिली, तर ती अशी दिसते की एका जेवणापुरते सामान मोजून द्यावयाचे आणि शिजवण्याचे काम खाणाऱ्याने करावयाचे. पाश्चात्त्य देशांत ‘मील-किट’ या नावाने जो धंदा उभा राहिला, तो नेमका हाच. आपण त्याला शिधापेटी म्हणू. पेटीत मोजलेली भाजी, मसाल्याची पुडी, मांस किंवा मासळी आणि कृतीचा कागद असतो. स्वीडनमध्ये 2007 साली एका कंपनीने आठवड्याची अशी पेटी घरोघर देण्यास आरंभ केला. 2011 साली बर्लिनमध्ये ‘हॅलोफ्रेश’ आणि 2012 साली अमेरिकेत ‘ब्लू एप्रन’ निघाली. शिधापेटी ठरवण्याचे, आणण्याचे आणि मोजण्याचे काम उचलते. चिरणे, शिजवणे आणि भांडी ही कामे मात्र घरातच राहतात.

या धंद्याचा पुढचा इतिहास बोधप्रद आहे. ब्लू एप्रन 2017 साली शेअर बाजारात आली, तेव्हा तिची किंमत सुमारे 190 कोटी डॉलर धरली गेली होती. 2023 साली ती विकली गेली, तेव्हा 10 कोटी 30 लाख डॉलर आले. असे का व्हावे? गिऱ्हाईक मिळवण्यासाठी पहिल्या पेट्या मोठ्या सवलतीने द्याव्या लागत, आणि सवलत संपली की अनेक गिऱ्हाइके निघून जात. कारण चार-सहा आठवड्यांत गृहिणीला, अथवा गृहस्थाला, कृती पाठ होते. मग तीच भाजी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तात आणता येते. जी सेवा गिऱ्हाइकाला शहाणे करते, तिला ते गिऱ्हाईक टिकवणे अवघड जाते.

शिधापेटीवर वेष्टनांच्या कचऱ्याचाही आक्षेप घेतला जातो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली याचा हिशेब मांडला. पाच निरनिराळी जेवणे त्यांनी दोन्ही रीतींनी तोलली आणि दुकानातून सामान आणून केलेल्या जेवणामागे हवेत जाणारा कर्बवायू शिधापेटीपेक्षा सरासरी 33 टक्के अधिक भरतो, असे त्यांना आढळले. कारण हे की, मोजून आलेले अन्न वाया जात नाही, आणि वाया गेलेल्या अन्नाचा भार वेष्टनाच्या भारापेक्षा मोठा असतो. परंतु हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या घरी लावता येणार नाही. जेथे रात्रीचा भात सकाळी फोडणीला जातो आणि उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो, त्या घरात वाचवण्याजोगे वाया जातेच किती, हे आधी पाहिले पाहिजे.

दुसरा प्रकार डब्याचा. याचे जगाने नावाजलेले उदाहरण मुंबईत आहे. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ही डबेवाल्यांची व्यवस्था सुरू केली. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले लोक पिढ्यानपिढ्या तिच्यात आले. 1956 साली त्यांच्या संघटनेची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी झाली. 2020 च्या टाळेबंदीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे नेत, असे सांगितले जाई. म्हणजे माणशी चाळीस डबे. टाळेबंदीनंतर ही संख्या बरीच घटली. डब्याच्या झाकणावरच्या खुणांतून कोणत्या स्थानकावर उतरायचे, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर जायचे, हे कळते. एकच डबा वाटेत अनेक हातांतून जातो. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, डबेवाला स्वयंपाकाचे एकही काम उचलत नाही. पहाटे उठून पोळ्या लाटणारी घरातली बाई तशीच राहते. तो फक्त अंतर उचलतो.

ज्यांच्या घरी लाटणारे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी खाणावळी होत्या. गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकटे राहत आणि त्यांना चाळीतल्या बायका दोन वेळचे जेवण करून घालत. कामगार पैसे महिन्याच्या शेवटी देई, आणि सामान तर रोज लागे. म्हणून या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, ते याच अडचणीवर बोट ठेवून. अन्न शिजवणाऱ्याला पैसे उशिरा मिळाले की सगळ्या व्यवस्थेचे व्याज तो भरतो, हा धडा आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरा प्रकार सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. फोनवर बोट ठेवावे आणि उपाहारगृहातला पदार्थ दारात यावा. यात जवळजवळ सहाही कामे उचलली जातात. परंतु रोजच्या जेवणासाठी ही व्यवस्था महाग पडते, आणि पदार्थ जिभेला रुचावा म्हणून त्यात तेल-मीठ सढळ असते. शिवाय प्रत्येक मागणीला स्वतंत्र फेरी लागते. दाट वस्तीच्या शहरात हे परवडते. विखुरलेल्या वाड्यांत परवडणे कठीण.

आता हा वस्तीचा प्रश्न थोडा आकड्यांत पाहू. समजा, डबे पोचवणाऱ्या एका माणसाचा पगार आणि पेट्रोल मिळून महिन्याला 18 हजार रुपये खर्च येतो आणि तो 26 दिवस काम करतो. रोज चाळीस डबे असतील, तर महिन्याच्या 1040 खेपांवर तो खर्च वाटला जाऊन एका डब्यामागे सुमारे सतरा रुपये पडतात. वाड्या दूरदूर असल्यामुळे आठच डबे पोचवता आले, तर तोच खर्च डब्यामागे साडेशहाऐंशी रुपयांवर जातो. जेवण पोचवण्याचा खर्च जेवणाइतका होऊन बसतो. आंबेवाडी नाक्याभोवती किंवा धाटावच्या कामगार वस्तीत डबा चालेल. दोन डोंगरांपलीकडच्या वाडीवर तो चालणार नाही. उलट शिध्याची एक फेरी आठवड्यातून एकदा केली तरी पुरते, कारण डाळ-तांदूळ आठवडाभर बिघडत नाही.

शिजलेल्या अन्नाचे तसे नाही. ते 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली थंड ठेवले पाहिजे. मधल्या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. भाताच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. त्यातल्या काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ती रुजून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जातेच असे नाही. वैशाख-ज्येष्ठातल्या आपल्या दमट हवेत भाताचा डबा दोन तासांहून अधिक काळ कोमट राहू नये. म्हणजे शिधा दूर जाऊ शकतो, भात दूर जाऊ शकत नाही.

मग दूरच्या वाडीवर शिधाच द्यावा काय? येथे शासनाचा अनुभव पाहण्याजोगा आहे. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिले. सणाला ते ठीक होते. अंगणवाडीमार्फत गरोदर मातांना मिळणाऱ्या घरपोच आहारात मात्र अडचण दिसून आली. घरी आलेले सामान सगळ्या घराचे होते आणि जिच्यासाठी आले तिच्या ताटात थोडेच पडते. म्हणून 2015 पासून आदिवासी भागांत ‘अमृत आहार’ योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे, पूर्ण जेवण देण्यात येऊ लागले. शिधा घराला मिळतो, ताट माणसाला मिळते. हा भेद वृद्धांच्या बाबतीतही तितकाच खरा आहे. ज्या आजींना ओट्यापाशी उभे राहवत नाही, त्यांना मोजून बांधलेली शिधापेटी पाठवणे म्हणजे त्यांचे काम त्यांच्याकडेच परत पाठवणे होय.

तात्पर्य, ज्यांना शिजलेले अन्न सर्वांत जास्त हवे, तेच पुष्कळदा अशा ठिकाणी राहतात की जेथे ते पोचवणे सर्वांत महाग आणि अवघड. हा पेच केवळ अधिक वेगवान वाहनाने सुटणार नाही. तो दोन्ही व्यवस्थांची सांगड घालूनच सुटेल. शिधा आठवड्यातून एकदा वाडीपर्यंत जावा, आणि शिजवणे त्याच वाडीतल्या एका चुलीवर व्हावे. जेथे पाच माणसांचा भात शिजतो, तेथे नऊ माणसांचा शिजवायला इंधन आणि वेळ दुप्पट लागत नाही. ताट शेजारच्या ओटीवर पायी नेता येते, तेही गरम असताना. शिवाय ताट नेणारी व्यक्ती रोज एकदा त्या घरात डोकावते. म्हातारी माणसे जेवली किंवा नाही, हे कळण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

मात्र यात दोन अटी कसोशीने पाळल्या पाहिजेत. पहिली, शिजवणाऱ्या बाईला मोबदला ठरवून मिळाला पाहिजे. ‘शेजारधर्म’ म्हणून हे काम तिच्यावर टाकले, तर आपण एका घरातले फुकटचे कष्ट उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवले, इतकेच होईल. दुसरी, तो मोबदला महिन्याच्या आरंभी मिळाला पाहिजे. गिरणगावातल्या बायकांची उधारी आपण पाहिलीच. मुंबईस असलेल्या मुलाला पहिल्या तारखेस पैसे पाठवणे आज मुळीच कठीण नाही. गावातला महिला बचत गट हा हिशेब सांभाळू शकेल. विक्रीसाठी अन्न शिजवायचे तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते, तीही गटाने करून घ्यावी.

तेव्हा निवड करताना भाव विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. खाणारा स्वतः शिजवू शकतो काय? चूल आणि ताट यांत अंतर किती? उरलेली कामे घरात कोणाच्या अंगावर पडणार? आणि शिजवणाऱ्याच्या हाती पैसे केव्हा पडणार? पाळीवरचा तरुण कामगार डबा लावील. दोघेही नोकरीला जाणारे, पण स्वयंपाकाची हौस असलेले जोडपे शहरात शिधापेटी घेईल. पाहुणे आले तर कोणी उपाहारगृहातून मागवील. यांत कमीपणा कशातच नाही. परंतु गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी व्यवस्था करताना फोनवरून काही मागवून मोकळे होण्यापेक्षा, त्यांच्या शेजारी कोणाची चूल पेटते, याची चौकशी पुढच्या खेपेस गावी येणाऱ्यांनी अवश्य करावी, एवढी विनंती करून मी हे विवेचन पुरे करतो.