हुशार कुत्रा आणि भरवशाचा कुत्रा

ऑगस्ट 2020 मध्ये बीड पोलिसांनी रॉकी नावाच्या आपल्या श्वानाला सन्मानाने अखेरचा निरोप दिला. त्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. 30 ऑगस्टच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचे नाव घेतले आणि तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याची मदत झाल्याचे सांगितले. दुष्काळ आणि ऊसतोड यांच्या बातम्यांसाठीच आठवला जाणारा जिल्हा त्या दिवशी एका कुत्र्यामुळे चर्चेत आला. त्याच भाषणात देशी जातींची कुत्री पाळण्याचे आवाहनही होते. या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ ऐकल्या की मनात एक सोपे गणित तयार होते: आपल्या दारातला मोतीही काही कमी हुशार नाही, त्याला नीट शिकवले तर तोही रॉकी होईल, किंवा घरातल्या अंध आजोबांचा हात धरून त्यांना बाजारात नेईल. या गणितात एक गोष्ट मोजायची राहून जाते. पाळीव कुत्रा आणि कामाचा कुत्रा यांच्यातला फरक हुशारीचा नसतो, भरवशाचा असतो. जे काम मोती कधीकधी, मनात आले तर करतो, तेच काम दुसऱ्याला दर वेळी, गर्दीत, भुकेत, उन्हात करावे लागते.

आधी शब्दांचा घोळ मिटवायला हवा, कारण ‘सर्व्हिस डॉग’ या एका नावाखाली आपल्याकडे तीन-चार वेगळी कामे कोंबली जातात. पोलिसांचा श्वान शासनाच्या सेवेत असतो. तो माग काढतो, स्फोटके किंवा अमली पदार्थ हुंगतो. थेरपी श्वान आपल्या मालकासोबत रुग्णालयात किंवा विशेष मुलांच्या शाळेत जातो आणि इतरांना दिलासा देतो. मुंबईची अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था अनेक वर्षे असे काम करत आली आहे. काटेकोर अर्थाने सेवा श्वान मात्र तो, जो एकाच दिव्यांग व्यक्तीसाठी तिला न जमणारे ठरावीक काम करतो: अंध व्यक्तीला अडथळ्यांतून वाट काढून देणे, कर्णबधिर व्यक्तीला दारावरची थाप कळवणे, चाकाच्या खुर्चीत बसलेल्याला पडलेली वस्तू उचलून देणे. केवळ जवळ बसून ज्याच्यामुळे बरे वाटते, तो सोबती. त्याची किंमत कमी नाही, पण ते वेगळे नाते आहे.

गैरसमज : आज्ञाधारक कुत्रा शिकवला की सेवा श्वान होतो

बस म्हटले की बसणारा आणि चेंडू आणून देणारा कुत्रा पाहिला की पुढचे सगळे शिकवण्यावर आहे असे वाटते. प्रत्यक्षात शिकवण्याआधी निवड येते, आणि निवड फार निर्दयी असते. अंधांना वाट काढून देणारे गाइड डॉग तयार करणाऱ्या परदेशी संस्था पिढ्यान्‌पिढ्या स्वभाव पाहून पैदास करतात, पिल्ले साधारण दोन महिन्यांची झाली की स्वयंसेवक कुटुंबांकडे वर्ष-सव्वा वर्ष वाढवायला देतात, मग प्रशिक्षकाकडे नेतात. आणि एवढे करूनही कित्येक संस्थांत निम्म्याच्या आसपास पिल्ले शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. ती मंद असतात म्हणून वगळली जात नाहीत. एखादे फटाक्याला बिचकते, एखादे मांजरीमागे धावते, एखाद्याचा खुबा कमजोर निघतो. 1993 च्या मुंबई स्फोटांनंतर 3,329 किलो आरडीएक्स शोधून देणारा जंजीर हा लॅब्रॅडॉर पुण्यात शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. त्याच्या नाकाचे कौतुक योग्यच आहे, पण त्या नाकामागे केंद्र होते, ठरलेला अभ्यासक्रम होता आणि रोज सराव घेणारे हस्तक होते. त्यातले एक जरी काढून घेतले असते, तरी उरला असता तो एक उत्साही लॅब्रॅडॉर.

गैरसमज : विलायती जात घेतली की अर्धे काम झाले

लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड या कामात जास्त दिसतात, कारण त्यांची पैदास माणसासोबत काम करण्यासाठीच झाली. जात संभाव्यता वाढवते, खात्री देत नाही. याचा चांगला पुरावा मराठी मुलखाच्या सीमेवरूनच येतो. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली मुधोळ हाउंड ही मूळची शिकारी जात. नजरेने सावज टिपून त्याच्यामागे सुटणारी ही कुत्री माग काढायला काय कामाची, असे म्हटले जाई. सीमा सुरक्षा दलाची रिया ही मुधोळ कुत्री 2024 च्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात माग काढण्याच्या प्रकारात पहिली आली आणि मेळाव्यातली सर्वोत्तम श्वानही ठरली. स्पर्धेत शंभरहून अधिक विदेशी जातींची कुत्री होती. मुधोळची जवळची नातलग असलेली कारवानी मराठवाड्यात ओळखीची आहे. यावरून ‘मग कारवानीच घ्या’ असा निष्कर्ष काढणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू झाली. ससा दिसताच सुटणारा कुत्रा अंध माणसाच्या हातातला पट्टा हिसकावून नेईल. पाहायचे असते ते समोरचे एक पिल्लू: आवाजाने दचकल्यावर ते किती लवकर सावरते, अनोळखी माणसाकडे जाते का, आणि खेळ थांबवल्यावर शांत बसते का.

गैरसमज : आधी मोठे होऊ द्या, शिकवणे नंतर

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. पिल्लू सहा महिने अंगणात साखळीला बांधायचे आणि मग प्रशिक्षक शोधायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून 1965 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या मनाची कवाडे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत सर्वाधिक उघडी असतात, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. या काळात जे दिसते, ऐकू येते, ते ‘आपले’ ठरते. जे दिसले नाही त्याची पुढे भीती बसते. आष्टी-पाटोद्याच्या माळावरच्या मेंढपाळाला हे पुस्तक वाचावे लागत नाही. त्याचे पिल्लू वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या आत, कोकरांच्या अंगाला अंग लावून वाढते, म्हणून मोठेपणी ते मेंढरांना आपले मानते आणि रात्री लांडग्यावर जाते. तेच पिल्लू गावात वाढवून वर्षाने मेंढरांत सोडले, तर तेच मेंढरांच्या मागे लागेल.

यावर रास्त आक्षेप असा की लसीकरण पूर्ण होण्याआधी पिल्लू बाहेर नेले तर पार्वोसारखा संसर्गजन्य आजार होईल. धोका खरा आहे, पण त्यावर उपाय घरात कोंडणे हा नाही. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने 2008 मध्येच म्हटले की पहिली लस देऊन आठवडा झाला की काळजीपूर्वक समाजीकरण सुरू करावे. बीडमध्ये त्याचा अर्थ असा: पिल्लाला जमिनीवर सोडायचे नाही, टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसस्थानकाच्या कडेला दहा मिनिटे बसायचे. एसटीचा हॉर्न वाजला की फुटाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. डोक्यावर पाटी घेतलेली बाई गेली, तुकडा. कुबडी टेकत कोणी आले, तुकडा. पिल्लू मान वळवून पाहते, कान पाडते, मग हाताकडे बघते. ते हाताकडे बघणे म्हणजे त्या दिवसाचा धडा झाला, घरी जायचे. मोकाट कुत्री फिरतात तिथली माती मात्र लसी पूर्ण होईपर्यंत वर्ज्य, आणि तीन महिन्यांच्या वयातली रेबीजची लस चुकवायची नाही.

गैरसमज : मार आणि उपास यांशिवाय कामाचा कुत्रा घडत नाही

‘छडी लागे छमछम’चा न्याय आपण शाळेतून काढला, कुत्र्यावरून अजून काढलेला नाही. मारलेला कुत्रा ऐकतो, हे खरे आहे. म्हणूनच हा समज टिकून राहतो. प्रश्न असा की तो काय शिकतो. पोर्तुगालमध्ये 92 कुत्र्यांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटके आणि दरडावणी वापरणाऱ्या वर्गांतली कुत्री बक्षिसाने शिकणाऱ्यांपेक्षा जास्त तणावात दिसली. प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरकही जास्त वाढले. कामाच्या दृष्टीने यातला तोटा दयेच्या पलीकडचा आहे. सेवा श्वानाला कधीकधी मालकाचे न ऐकण्याचे धैर्य लागते. अंध व्यक्ती ‘पुढे चल’ म्हणते, समोरून आवाज न करणारी ई-स्कूटर येत असते; कुत्र्याने जागचे हलायचे नसते. समजून-उमजून केलेली ही अवज्ञा त्याला मुद्दाम शिकवतात. न ऐकल्याबद्दल ज्याने लाथ खाल्ली आहे, तो त्या क्षणी मुकाट्याने पुढे पाऊल टाकेल.

उपासाचेही तसेच. बक्षीस म्हणून दिलेला घास दिवसाच्या खुराकातून वजा करणे वेगळे आणि उपाशी ठेवणे वेगळे. जनावराला पुरेसे अन्नपाणी न देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. बीडच्या एप्रिल-मेमध्ये तर सरावाची वेळ सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीनंतरच. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, आणि तापलेल्या डांबरावर आपला तळहात टिकत नसेल तर त्याचा पंजाही टिकत नाही.

गैरसमज : कुत्र्याला सगळे कळते, तो रस्ता दाखवतो आणि आजार ओळखतो

गाइड डॉग रस्ता दाखवत नाही. रस्ता माणसाला पाठ असावा लागतो. कुत्रा त्या रस्त्यातला खड्डा, उभी मोटारसायकल, डोक्याला लागणारी फांदी चुकवतो. सिग्नलचा लाल-हिरवा फरक त्याच्या डोळ्यांना आपल्यासारखा दिसत नाही. म्हणून चांगल्या संस्था आधी पांढऱ्या काठीने एकट्याने फिरता येते का हे पाहतात, मगच कुत्रा देतात. बीडमधल्या अंध तरुणाला आज कोणते साधन लवकर स्वतंत्र करेल असे विचारले, तर प्रामाणिक उत्तर काठीचे प्रशिक्षण हेच आहे. फूटपाथ नसलेल्या आणि दर चौकात मोकाट कुत्र्यांची टोळी असलेल्या रस्त्यावर गाइड डॉगचे अर्धे लक्ष त्या टोळीकडेच जाईल.

आजार ओळखण्याबद्दल पुरावा आहे, पण तो दोन्ही बाजूंचा आहे. आकडीच्या वेळी शरीराच्या वासात फरक पडतो आणि शिकवलेली कुत्री तो ओळखू शकतात, असे 2019 च्या एका प्रयोगात पाच कुत्र्यांवर दिसले. रक्तातली साखर उतरल्याचे कळवणाऱ्या 27 प्रशिक्षित कुत्र्यांच्या ब्रिटिश अभ्यासात मधल्या कुत्र्याची कामगिरी शंभरातल्या 83 वेळा ओळखण्याची होती. पण 2017 च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात कुत्र्यांचे इशारे यंत्राच्या सततच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा साखर उतरल्याच्या शंभरातल्या जेमतेम 36 वेळाच पकडल्या गेल्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हायचा तो इथे. म्हणून ग्लुकोमीटर कपाटात ठेवून कुत्र्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते. पोलीस श्वानाबद्दल न्यायालयांची भूमिकाही याच जातीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटले की कुत्र्याची साक्ष घेता येत नाही, उलटतपासणी करता येत नाही, आणि माणसाचे स्वातंत्र्य त्याच्या अनुमानावर टांगून ठेवणे बरे नव्हे. श्वान दिशा देतो. पुरावा पोलिसांनाच गोळा करावा लागतो. रॉकीच्या नावावरचे तीनशेहून अधिक गुन्हेही असेच वाचायला हवेत: त्याने मदत केली, छडा माणसांनी लावला.

गैरसमज : जॅकेट आणि प्रमाणपत्र मिळाले की काम झाले

‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेली जॅकेटे ऑनलाइन कोणालाही मिळतात. अमेरिकेच्या 1990 च्या दिव्यांग कायद्याखाली मालक स्वतः कुत्रा शिकवू शकतो, जॅकेट सक्तीचे नाही आणि सरकारी नोंदणीही नाही. अट एकच, कुत्र्याला त्या व्यक्तीच्या अपंगत्वाशी संबंधित ठरावीक काम येत असले पाहिजे आणि तो ताब्यात असला पाहिजे. हे ऐकून आपल्याकडेही तसेच हक्क आहेत असे धरले जाते. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि सुगम्यतेची कलमे आहेत, पण सेवा श्वानाची व्याख्या आणि त्याला हॉटेलात, बसमध्ये नेण्याचा स्पष्ट हक्क नाही. ही उणीव भरून काढायला हवी आणि त्यासाठी दिव्यांगांच्या संघटनांनी मागणी लावून धरायला हवी. पण तोवर खोटी जॅकेटे घालून फिरवलेला प्रत्येक कुत्रा ती मागणी कमकुवत करतो. एकाने हॉटेलात कोणाला चावा घेतला, की दार पुढच्या खऱ्या सेवा श्वानासाठीही बंद होते.

शेवटचा आक्षेप सर्वांत टोकदार आहे: ज्या जिल्ह्यातून लाखो माणसे दरसाल कोयता घेऊन गाव सोडतात, तिथे कुत्र्याच्या प्रशिक्षणाची चर्चा हवीच कशाला? उत्तर असे की कुत्रा तिथे आधीपासून आहे. ऊसतोडीच्या गाडीमागे तो चालतो, खोपीपुढे झोपतो, वाड्यावर राखण करतो. खर्च न वाढवता, मारझोड थांबवून आणि पहिल्या तीन महिन्यांचा उपयोग करून त्याचे आणि माणसाचे आयुष्य सोपे करता येते. औषधाची पिशवी आणून देणे, आजीच्या हातून पडलेली काठी उचलणे, कोणी पडले तर घरच्यांना बोलावून आणणे, एवढी घरगुती मदत चांगल्या स्वभावाचा कुत्रा शिकतो. त्याला सेवा श्वान म्हणायची घाई तेवढी करू नये.

घाई होत आहे का, हे तपासायला एक वही पुरते. महिनाभर रोज दहा वेळा तेच काम सांगायचे: पाच वेळा घरात, पाच वेळा बाहेर, त्यातली दोन मटणाच्या दुकानासमोर. केले तर रेघ, नाही तर फुली. महिन्याअखेर बाहेरच्या रकान्यात फुली शोधावी लागत असेल, तर पशुवैद्याला आणि जाणत्या प्रशिक्षकाला भेटायला हरकत नाही. दहात सात रेघा असतील, तर घरात एक गुणी कुत्रा आहे, आणि मोती म्हणून तो उत्तम आहे.