पाकिटावरचं तिकीट सोडवायचं की राहू द्यायचं?

आजचा विषय सुरू करण्याआधी एक विनंती. कोणी जुनी पाकिटं भिजवायला पातेल्यात पाणी घेतलं असेल, तर ते पातेलं जरा बाजूला ठेवा. दहा-बारा मिनिटांचाच प्रश्न आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी आपल्याला लिहिलंय. त्यांचे सासरे सैन्यात होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत दोन-अडीचशे पत्रं निघाली. आता घराला रंग द्यायचाय, ट्रंक रिकामी करायचीय. मुलगा सहावीत आहे, त्याला तिकिटं जमवायचा नाद लागलाय. घरातल्यांचं म्हणणं असं की तिकिटं कापून पोराला द्या आणि बाकीचा कागद रद्दीत घाला. ताई विचारतात, "असं केलं तर काही बिघडेल का?"

ताई, बिघडेल. पण सगळ्याच पाकिटांचं नाही. म्हणून कुठलं ठेवायचं आणि कुठलं भिजवायचं, ते ठरवायचं कसं, हे आज बघू.

पहिली गोष्ट साधी आहे. तिकीट आज काढलं नाही तर उद्या काढता येतं. पण एकदा काढलं की पुन्हा त्या जागी बसवता येत नाही. बसवलं तरी शिक्क्याची रेघ जुळत नाही, आणि जाणकाराला ते लगेच कळतं. त्यामुळे शंका आली की हात मागे घ्यायचा.

आता पाकिटात असं असतं तरी काय? तिकीट आपल्याला एवढंच सांगतं की ते कुठल्या देशाचं, किती किमतीचं, त्यावर चित्र कशाचं. पाकीट सांगतं की पत्र कुठून निघालं, कुठे गेलं, कोणत्या तारखेला, त्यासाठी किती पैसे पडले आणि वाटेत काय काय झालं. काही वेळा सगळी गोष्टच पाकिटावर असते, तिकिटावर काही नसतं.

उदाहरण घ्या. १८ फेब्रुवारी १९११ ला आँरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला विमानातून टपाल नेलं. अंतर जेमतेम दहा किलोमीटरच्या आसपास, पत्रं सहा हजारांच्या वर. जगातलं हे पहिलं अधिकृत विमान टपाल मानतात. त्या पत्रांवरची तिकिटं मात्र नेहमीचीच होती, त्या काळी कुठल्याही पोस्टात मिळणारी. वेगळा होता तो खास शिक्का. समजा एखाद्याने त्यातलं तिकीट सोडवून नीट धुऊन अल्बममध्ये लावलं. हातात काय उरलं? एक साधं तिकीट आणि शिक्क्याचा तुकडा. विमान उडून गेलं!

आपल्या घरात सापडण्यासारखं उदाहरण १९७१ चं आहे. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसला. सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'रेफ्युजी रिलीफ' अशी अक्षरं उमटवली, आणि हे काम वेगवेगळ्या शहरांत झालं. त्यामुळे अक्षरांची ठेवण जागोजागी वेगळी. पाकिटावर हे तिकीट नेहमीच्या तिकिटाशेजारी दिसतं, म्हणजे टपालखर्च अधिक कर, असा हिशोब डोळ्यांसमोर असतो. शिवाय पोस्टाचा शिक्का सांगतो की ही अक्षरं कुठल्या भागात वापरात होती. सुटं केलं की हे सगळं गेलं.

तसंच १ एप्रिल १९५७ चं. त्या दिवशी आणे जाऊन नये पैसे आले. पण लोकांच्या घरात आण्यांची तिकिटं शिल्लक होती. एकाच पाकिटावर आण्याचं आणि नव्या पैशांचं अशी दोन्ही तिकिटं दिसली, तर ते पाकीट अजिबात भिजवू नका. गोव्यातही डिसेंबर १९६१ मध्ये मुक्तीनंतर थोडे दिवस जुनी पोर्तुगीज तिकिटं आणि भारतीय तिकिटं शेजारी शेजारी चालली. सुटी तिकिटं खूप मिळतात. ती जोडी एका पाकिटावर मिळणं कठीण.

आता ताईंच्या सासऱ्यांकडे येऊ. सैन्यातल्या पत्रावर गावाचं नाव बहुतेक नसतं. शिक्क्यात 'एफपीओ' म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस आणि पुढे नुसता आकडा असतो. पत्त्यात '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असतं. जवान कुठे आहे हे बाहेर कळू नये म्हणूनच ही सोय. पण आज तो आकडा आणि ती तारीख जुळवून तेव्हा ती तुकडी कुठे होती याचा माग काढता येतो. म्हणजे आजोबा १९६५ मध्ये किंवा १९७१ मध्ये नेमके कुठे होते, हे पत्रात लिहिलेलं नसलं तरी पाकीट सांगू शकतं. तिकीट कापलं की अर्धा शिक्का तिकिटाबरोबर जातो, अर्धा रद्दीत. ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

मग सगळंच जपायचं? नाही हो. मीही तिकिटं भिजवतो. एखाद्या कंपनीचं छापील पाकीट, वर नेहमीचं पाच रुपयांचं तिकीट, शिक्का असा फासलेला की तारीखही लागत नाही. असली पाकिटं साठवून कपाट भरण्यात अर्थ नाही. पोराला ती जरूर द्या. तिकीट पाण्यात सुटताना बघणं हीच खूप मजा आहे, छंद तिथूनच लागतो.

निवड करताना मी पाच प्रश्न विचारतो.

एक, पाकीट कधीचं? आण्यांच्या काळातलं असेल तर ते अख्खं ठेवतो. शिक्का लागत नसेल तर पत्ता बघा. पिनकोड असेल तर पाकीट १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला.

दोन, शिक्का वाचता येतो का? गाव आणि तारीख स्वच्छ असेल तर थांबा. लहान गावाचा शिक्का असेल तर नक्कीच थांबा.

तीन, आणखी काही खुणा आहेत का? रजिस्टरची चिठ्ठी, दुसऱ्या महायुद्धातली सेन्सॉरची पट्टी, पत्ता खोडून लिहिलेला नवा पत्ता, कमी तिकिटामुळे भरावा लागलेला दंड. आणि पाकीट उलटं करून बघाच. पोचल्याचा शिक्का पुष्कळदा मागे असतो. रजिस्टर सेवा तर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, म्हणजे कालपरवाचं रजिस्टरचं पाकीटही आता जुन्यात जमा.

चार, तिकीट चिकटवलेलं आहे की छापील? पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्रावर ते कागदावरच छापलेलं असतं. तिथे सोडवण्यासारखं काही नसतंच. ते चौकोन कापू नका, कार्ड पूर्ण ठेवा.

पाच, पत्र कोणाचं? बाजारात किंमत शून्य असली तरी आईच्या हातचा पत्ता तो आईच्या हातचा.

या पाचांतून जे गळतं ते भिजवायचं. पद्धत सांगतो. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापा, दाती कापली जाता कामा नयेत. रंगीत कागद वेगळा काढा, त्याचा रंग पाण्यात उतरतो. लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं असतं, ते तर आधी बाजूला. एका कुंकवाच्या पाकिटाने पातेल्यातली सगळी तिकिटं गुलाबी होतील. पाणी साधं किंवा किंचित कोमट घ्या, गरम नको. पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपोआप सुटतं. सुटलं नाही तर अजून थांबा, नखाने ओढू नका. मागचा डिंक धुऊन तिकीट उलटं टीपकागदावर ठेवा, सुकत आलं की जाड पुस्तकाखाली दाबा. पावसाळ्यात दोन दिवस जास्त द्या.

अमेरिकेतून नातेवाइकांची पाकिटं येत असतील, तर तिकडची अलीकडची स्टिकरसारखी तिकिटं पाण्यात सुटता सुटत नाहीत. ती कागदासकट नीट कापून तशीच लावायची. आणि एक महत्त्वाचं. शिक्का न बसलेलं तिकीट सोडवून दुसऱ्या पत्राला लावणं हा गुन्हा आहे. पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

जी पाकिटं ठेवाल त्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. स्टेपलरच्या पिना आणि टाचण्या काढा, गंज कागद खातो. पत्र त्याच्याच पाकिटात राहू द्या, कारण पत्रावर तारीख नसेल तर ती पाकिटावर सापडते.

तर ताई, असं करा. मुलाला शेजारी बसवा. एफपीओचे शिक्के असलेली पाकिटं एका बाजूला, बाकीची दुसऱ्या बाजूला. त्यालाच वहीत शिक्क्याचा आकडा आणि तारीख उतरवायला सांगा. दोन-अडीचशे पाकिटं म्हणजे तीन-चार रविवारांचं काम. घराच्या रंगाला तेवढा उशीर झाला तर चालेल. अल्बमला तिकिटं दुसऱ्या ढिगातून मिळतीलच. आणि आजोबा कुठे कुठे होते, याची यादी त्या वहीत तयार होईल.

आता ते पातेलं पुढे ओढायला हरकत नाही. फक्त पाकिटं निवडून घाला. तुमच्याकडे असं एखादं पाकीट निघालं, तर त्याची मागची-पुढची बाजू कशी आहे ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.